सर्रा रोग आणि त्याचा रानांतील व गोठ्यांतील सांठा

पोळा सरला आणि भादव्याचें ऊन तापूं लागलें, कीं आपल्या जिल्ह्यांत नदीनाल्यांच्या कांठीं एक मोठी, करड्या रंगाची, चमकत्या डोळ्यांची माशी दिसूं लागते. ती बैलाच्या पोटावर बसली, कीं बैल शेपूट झाडतो, पाय आपटतो, कातडें थरथरवितो. माशी उडते, क्षणभर घिरट्या घालते आणि पुन्हां त्याच बैलावर अथवा शेजारच्या म्हशीवर जाऊन बसते. तिनें चावा घेतला तेथें रक्ताचा थेंब उभा राहतो. तिला कोणी गोमाशी म्हणतात, कोणी घोडमाशी म्हणतात. हा प्रकार आपण सर्वांनीं लहानपणापासून पाहिला आहे, आणि त्यांत लक्ष देण्यासारखें कांहीं आहे असें आपणांस सहसा वाटत नाहीं. परंतु एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसण्यास तिला जो अल्प वेळ लागतो, तेवढ्यांत एक प्राणघातक रोग एका रक्तांतून दुसऱ्या रक्तांत जातो. त्या रोगाचें नांव सर्रा. तो कसा येतो, आणि विशेषतः माशीचा मोसम सरल्यावर तो कोठें दडून राहतो, हें शेतकरी बंधूंपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आम्ही पशुवैद्य नव्हों. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि उमेदीचीं वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. तथापि ह्या रोगानें आम्हांस जो धडा शिकविला तो पैसे मोजून घेतलेला आहे. म्हणून प्रथम आमची हकीकतच सांगतों.

आमची हकीकत

कळमनुरी तालुक्यांत इसापूर धरणाच्या जलाशयालगत आमचें वडिलोपार्जित शेत आहे. पाणी मागें हटलें, कीं गाळाच्या जमिनीवर कोंवळी हिरवळ उगवते व तेथें गांवचीं गुरें चरतात. मागच्या टेकड्यांच्या झुडपी रानांतून रोही, रानडुकरें व कोल्हे त्याच पाण्यावर येतात. दोन वर्षांपूर्वीं आश्विन महिन्यांत आमच्या लालकंधारी जोडींतील एक बैल चारा सोडून उभा राहिला. अंग तापलेलें, डोळ्यांतून पाणी. दोन दिवसांनीं ताप उतरला, बैल खाऊं लागला, आणि आम्ही निश्चिंत झालों. आठ दिवसांनीं पुन्हां ताप आला व पुन्हां उतरला. असें तीन वेळां झालें. दर खेपेस अंगावरचें मांस कमी होत गेलें आणि पायांवर सूज आली. कार्तिकांत एके दिवशीं तो दाव्याला ओढ देऊन एकाच बाजूनें चक्रें घेऊं लागला, भिंतीला डोकें लावून रेटूं लागला, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पाय झाडीत मेला.

सालगडी म्हणाला, "अण्णा, बाहेरचं लागलं होतं. डागायला पाहिजे होतं." शेजारी म्हणाले, रोह्यांनीं उष्टें केलेलें पाणी प्यायला, त्याचें हें फळ. पहिलें म्हणणें आम्हीं मानलें नाहीं, दुसरें मानलें. मेलेला बैल प्रघाताप्रमाणें ओढ्याच्या कडेला टाकण्यांत आला आणि त्याच सकाळीं गांवचीं कुत्रीं त्यावर पडलीं. त्यांत आमचा राखणीचा कुत्राहि होता. तीन आठवड्यांनीं त्याच्या एका डोळ्यावर निळसर पांढरें पटल आलें व तो खंगत चालला. त्याच सुमारास गांवांतील एका धनगराची ओझ्याची घोडी अशीच चढउताराच्या तापानें झिजून मेली.

मग गांव पारावर जमलें. पिकाची नासाडी तर दरसालची होतीच. तूर, हरभरा, हळद ह्यांपैकीं कांहींच रोह्यांच्या व डुकरांच्या तडाख्यांतून सुटत नाहीं. आतां त्यांच्यामुळें गुरांत रोगहि आला, तेव्हां त्यांना मारण्याची परवानगी मागावी, असें ठरलें. "तुम्ही कचेरींत होतां, अर्ज तुम्हीच लिहा," असें सर्वांनीं सांगितलें. आम्हीं तो लिहिला आणि, खरें सांगावयाचें तर, मन लावून लिहिला. सह्या झाल्या, अंगठे झाले. परंतु तीस वर्षांची संवय अशी, कीं ज्या अर्जास दाखला जोडलेला नाहीं तो पुढें सरकत नाहीं हें आम्हांस पक्कें ठाऊक. म्हणून पशुवैद्यांचा दाखला मिळविण्यासाठीं आम्ही तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यांत गेलों.

डॉक्टर तरुण होते. त्यांनीं अर्ज वाचला आणि विचारलें, "काका, रोह्याचं रक्त कोणी तपासलं?" अर्थातच कोणीं तपासलें नव्हतें. मग ते आमच्या गोठ्यावर आले. राहिलेला बैल, दुभती म्हैस, वगार, कालवड व कुत्रा, ह्या सर्वांच्या कानाच्या शिरेंतून त्यांनीं थेंब थेंब रक्त कांचपट्टीवर घेतलें. दवाखान्यांतील सूक्ष्मदर्शकाला आम्हांसहि डोळा लावूं दिला. तांबड्या वाटोळ्या कणांच्या गर्दींत कांहीं तरी बारीक, गांडुळासारखें, सारखें वळवळत होतें व आसपासच्या कणांना ढकलीत होतें. कुत्र्याच्या रक्तांत तें होतें, ह्याचें आश्चर्य वाटलें नाहीं. परंतु तेंच म्हशीच्या रक्तांत होतें. ती म्हैस दोन्ही वेळां दूध देत होती, चारा खात होती, पाण्यांत डुंबत होती. दूध थोडें उतरलें होतें, तें आम्हीं वैरणीवर घातलें होतें. डॉक्टर एवढेंच म्हणाले, "रोही राहिले दूर. सांठा तुमच्या दावणीला बांधलेला आहे."

जंतु कोणता

ह्या वळवळणाऱ्या जीवास शास्त्रांत ट्रिपॅनोसोमा एव्हान्साय म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या भागाइतकी असते. हा एकपेशी परोपजीवी जीव असून रक्तांतील साखरेवर जगतो. त्याचा शोध आपल्याच देशांत लागला. १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स नांवाच्या लष्करी पशुवैद्यानें, हल्लीं पाकिस्तानांत असलेल्या डेरा इस्माइल खान येथें, सर्रानें मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत हा जीव पाहिला, आणि रोगी रक्त निरोगी जनावरास टोंचून तोच रोग उत्पन्न करून दाखविला. त्या काळच्या वरिष्ठांस तें पटलें नाहीं. रक्तांतले असले जीव निरुपद्रवी असतात अशी तेव्हांची समजूत होती. पुढें इव्हान्सचें म्हणणें खरें ठरलें आणि जंतूस त्याचेंच नांव मिळालें.

ताप चढतो व उतरतो ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जनावराचें रक्त ह्या जंतूला त्याच्या वरच्या आवरणावरून ओळखतें व त्याला मारणारीं द्रव्यें तयार करतें. बहुतेक जंतु मरतात, ताप उतरतो, धन्याला वाटतें जनावर सुधारलें. परंतु त्यांतील कांहीं जंतु तोंवर आपलें आवरण बदलून बसलेले असतात. बहुरूपी जसा आज वाघाचें सोंग आणतो, उद्यां फौजदाराचें, तसा हा प्रकार आहे. रक्त जुन्या सोंगाला ओळखतें, नव्या सोंगाला ओळखीत नाहीं. नवी पिढी वाढते, पुन्हां ताप येतो. असें कित्येक महिने चालूं शकतें. अखेरीस रक्त पातळ होतें, मांस झडतें, आणि कित्येक जनावरांत मेंदूवर परिणाम होऊन तें चक्रें घेतें. गांवांत ज्याला 'लागीर' म्हणतात त्यांतील कांहीं प्रकार हा असतो.

सर्व जनावरांत रोगाचा जोर सारखा नसतो. घोडा, गाढव, खेंचर व कुत्रा ह्यांस तो फार कडक असून उपचार न झाल्यास बहुधा प्राण घेतो. उंटांत तो रेंगाळतो. उंटवाले त्याला 'तिबरसा' म्हणतात, म्हणजे तीन वर्षें पुरणारा. गाई, बैल व म्हशी ह्यांत तो पुष्कळदां अगदीं सौम्य असतो, कधीं कधीं कांहींच लक्षण दिसत नाहीं. परंतु पावसाळ्याचा ताण, नांगराचें काम, वीत अथवा दुसरें आजारपण आलें, कीं तोच एकाएकीं उसळतो. आमचा बैल आणि आमची म्हैस एकाच दावणीला होतीं. एक मेला, दुसरी दूध देत राहिली.

माशीचें काम

आफ्रिका खंडांत ह्या जंतूचे भाऊबंद आहेत. त्यांना त्सेत्से नांवाच्या माशीच्या पोटांत कांहीं आठवडे वाढावें लागतें, त्यानंतरच ते दुसऱ्या जनावरास बाधतात. आपला सर्राचा जंतु त्यांच्यांतूनच निघालेला आहे असें शास्त्रज्ञ मानतात. परंतु माशीच्या पोटांत वाढण्यास लागणारा आनुवंशिक भाग तो गमावून बसला आहे. त्यामुळें त्याचें त्सेत्से माशीवांचून अडत नाहीं, आणि म्हणूनच जेथें ती माशी नाहीं त्या हिंदुस्थानांत, ब्रह्मदेशांत, जावा-सुमात्रांत व थेट दक्षिण अमेरिकेंतहि तो नांदतो. गोमाशी त्याला केवळ आपल्या सोंडेवर वाहून नेते. एखाद्याची ओली लेखणी दुसऱ्याच्या कागदास लागावी, तेवढाच हा व्यवहार.

ह्यांतूनच एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सोंडेवरचें रक्त वाळलें, कीं जंतु मरतो. माशी अर्धवट जेवणावर उठून लागलीच दुसऱ्या जनावरावर बसली तर रोग जातो. तास दोन तास गेले तर संभव अगदीं कमी. आणि अर्धपोटीं उठलेली माशी सहसा जवळच्याच जनावरावर बसते, कारण तिला भूक आहे आणि अन्न समोर आहे. म्हणून खांद्याला खांदा लावून बांधलेलीं गुरें एकमेकांस जितका धोका देतात, तितका शे-दोनशे हात दूरचें जनावर देत नाहीं. गोठ्यांत शेणाच्या व कुजक्या वैरणीच्या ढिगाऱ्यांत वाढणारी लहान चावरी माशीहि हेंच काम करते.

सांठा कोठें राहतो

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत गोमाशी फारशी नसते. जंतु मातींत, पाण्यांत किंवा चाऱ्यांत जगत नाहीं. मग पुढच्या भादव्यांत रोग येतो कोठून? जमाबंदींत मागील सालची बाकी जशी पुढच्या सालाच्या खात्यावर ओढली जाते, तसा हा रोग कोणाच्या तरी जिवंत रक्तांत शिल्लक राहतो. ज्या प्राण्याला तो मारीत नाहीं आणि जो त्याला मारीत नाहीं, तो प्राणी म्हणजे ह्या रोगाचा सांठा.

असा सांठा रानांत असतो ह्यांत शंका नाहीं. हा जंतु वाघ, बिबट्या, हत्ती, कोल्हा व हरिणवर्गांतील जनावरें ह्यांत सांपडला आहे. मांसभक्षक प्राण्यांना माशीशिवाय दुसराहि मार्ग आहे. रोगानें नुकत्याच मेलेल्या जनावराचें ताजें मांस खातांना तोंडांतील जखमेवाटे जंतु आंत जातो. ओरिसांत भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयांत २००० सालच्या जुलै महिन्यांत थोड्याच दिवसांत १२ वाघ मेले, ते ह्याच रोगानें. दक्षिण अमेरिकेच्या पाणथळ कुरणांत कॅपिबारा नांवाचा मोठा कुरतडणारा प्राणी हा जंतु रक्तांत बाळगून सुखानें हिंडतो आणि त्याच कुरणांतील घोडे मात्र मरतात. तेथील रक्त पिणारें वटवाघूळ तर स्वतः सांठाहि आहे आणि माशीप्रमाणें वाहकहि आहे.

परंतु सांठ्याचा प्रवास एकाच दिशेनें होत नाहीं. रानांतून तो गोठ्यांत येतो तसा गोठ्यांतून रानांतहि जातो, आणि गांवोगांव तर तो मनुष्याच्या हातानेंच जातो. १९०१ च्या सुमारास हिंदुस्थानांतून जहाजानें गेलेल्या गुरांबरोबर तो मॉरिशस बेटांत उतरला व तेथील ओझ्याच्या जनावरांचा त्यानें मोठा संहार केला. बेटावर तो कोणत्याहि रानांतून चालत गेला नाहीं. विकत घेतलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या रक्तांतून गेला. आपल्याकडे मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस घोडे, गाढवें, उंट व गुरें ह्यांचा केवढा बाजार भरतो, हें आपण जाणतांच. तेथें खरेदी करतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, भोंवरे पाहतों. रक्त पाहत नाहीं.

रानच नाहींसें केलें तर?

पारावर जो विचार आम्हीं केला तो आफ्रिकेंत खरोखर अमलांत आला होता, म्हणून त्याचा परिणाम सांगणें अवश्य आहे. १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस ह्या लष्करी डॉक्टरनें झुलुलँडांत दाखवून दिलें, कीं गुरांचा नागाना नांवाचा रोग त्सेत्से माशी पसरविते आणि तिकडचे रानटी पशु तो जंतु आपल्या रक्तांत बाळगून असतात. त्यावरून सरळ अनुमान निघालें, कीं पशु मारले म्हणजे रोग सरेल. पुढील अर्धशतकांत तेथें सरकारी परवान्यानें हजारों, आणि इतर प्रांत धरतां लाखों, रानटी जनावरें मारलीं गेलीं. तरीहि झुलुलँडांत रोग हटला नाहीं. शेवटीं पिंजरे लावून व विमानांतून कीटकनाशक फवारून माशीच नाहींशी केली, तेव्हां १९५० नंतर तो प्रांत नागानापासून मोकळा झाला.

हें तेथें झालें, जेथें रानटी पशु हाच मुख्य सांठा होता. आपल्याकडे तर गांवच्या प्रत्येक दावणीला संभाव्य सांठा बांधलेला आहे. सर्व रोही मारले तरी एक दुभती म्हैस पुढच्या भादव्यापर्यंत रोग संभाळून ठेवण्यास पुरेशी आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें ह्या पशूंना विनापरवाना मारणें हा गुन्हा आहे, तेंहि विसरून चालणार नाहीं.

मनुष्यास बाधतो काय?

फार काळ उत्तर 'नाहीं' असें होतें, आणि बहुतांशीं तें आजहि खरें आहे. मनुष्याच्या रक्तांत एक प्रथिन असें आहे, कीं तें ह्या जंतूच्या शरीरांत शिरून त्याला छिद्रें पाडतें व तो मरतो. म्हणून गोमाशी आपणांस चावली तरी सर्रा होत नाहीं. परंतु २००४ सालीं आपल्याच राज्यांत, चंद्रपूर जिल्ह्यांतील सिवनी नांवाच्या गांवच्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने चढउताराचा ताप येत राहिला, आणि त्याच्या रक्तांत हाच जंतु हिंडतांना दिसला. ह्या जंतूनें मनुष्यास बाधा केल्याची नीट सिद्ध झालेली ही पहिलीच हकीकत म्हणून ती जगभर गाजली. जागतिक आरोग्य संघटनेचें साहाय्य मिळालें व सुरामीन नांवाच्या जुन्या औषधानें तो शेतकरी बरा झाला. पुढें २००६ सालीं कारणहि उलगडलें. आई व बाप ह्या दोहोंकडून त्याला त्या प्रथिनाचा सदोष वारसा मिळाला होता, त्यामुळें त्याच्या रक्तांत तें रक्षक प्रथिन नव्हतें.

त्या गांवांतील १८०६ लोकांचें बोटाचें रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां ४१० जणांच्या रक्तांत पहिल्या चांचणींत ह्या जंतूशीं संबंध आल्याच्या खुणा दिसल्या. अधिक कसून केलेल्या चांचणींत ८१ जण उरले. प्रत्यक्ष जंतु मात्र त्यांच्यापैकीं तपासलेल्या कोणाच्याहि रक्तांत सांपडला नाहीं. ह्याचा अर्थ इतकाच, कीं गुरांत वावरणाऱ्या मनुष्याच्या अंगांत हा जंतु वारंवार शिरत असावा आणि आपलें रक्त त्याला बहुधा तेथल्या तेथें संपवीत असावें. घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु हाताला चिरा पडलेल्या असतांना मेलेल्या गुराचें कातडें उघड्या हातानें सोलूं नये, आणि हिंवतापाच्या तपासणींत कांहीं न सांपडतां ताप येत-जात राहिला तर आपण गुरांत वावरतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

काय करावें

(१) पावसाळ्यांत व त्यापुढें दिवाळीपर्यंत जनावरास ताप येऊन गेला, डोळ्यांतून पाणी आलें, पायांवर सूज दिसली, दूध एकाएकीं उतरलें अथवा जनावर चक्रें घेऊं लागलें, तर डागण्या देण्यांत वेळ न घालवितां त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. रक्त ताप असतांना काढावें. ताप नसतांना जंतु पुष्कळदां दिसत नाहींत. एका तपासणींत कांहीं आढळलें नाहीं म्हणून जनावर निर्दोष ठरत नाहीं. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणीं अधिक बारीक परीक्षा होऊं शकते.

(२) एक जनावर रोगी निघालें तर त्याच दावणीच्या सर्वांचें रक्त तपासून घ्यावें, विशेषतः जें धडधाकट दिसतें त्याचें. हाच ह्या सर्व लेखाचा गाभा आहे.

(३) ह्या रोगावर क्विनापायरामीन, डायमिनाझीन इत्यादि औषधें आहेत. परंतु त्यांचें प्रमाण जनावराच्या वजनावर व जातीवर ठरतें. कमी मात्रा दिल्यास जंतु मरत नाहींत, उलट औषधास दाद न देणारे बनतात. जास्त दिल्यास जनावर दगावतें, आणि गुरांचें औषध अंदाजानें कुत्र्यास दिल्यास तें त्याचा प्राण घेऊं शकतें. सबब औषध दुकानांतून आणून स्वतः टोंचूं नये.

(४) एकच सुई अनेक जनावरांस वापरूं नये. जें काम माशीची सोंड करते तेंच ओली सुई करते. लस टोंचणारा मनुष्य गोठ्यांत आला, तर दर जनावरास नवी सुई मागण्यांत संकोच धरूं नये.

(५) रोगी जनावर बरें होईपर्यंत इतरांपासून निदान दोनशे हात दूर बांधावें. बाजारांतून वा यात्रेंतून आणलेलें जनावर महिनाभर वेगळें ठेवून त्याचें रक्त तपासावें, मगच दावणीस जोडावें.

(६) भर उन्हांत पाण्याकांठच्या झुडपांत गुरें उभीं करूं नयेत. गोमाशीची चावण्याची वेळ ती, आणि रानांतील पशूंचें विसांव्याचें ठिकाणहि तेंच. शक्य तर दुपारीं गुरें गोठ्यांत आणावीं, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, आणि पशुवैद्यांच्या सल्ल्यानें अंगावर माशीनाशक औषध लावावें. शेण व कुजकी वैरण गोठ्याशेजारीं सांचूं देऊं नये.

(७) मेलेलें जनावर ओढ्याकांठीं टाकूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें. उघड्यावर टाकलेलें ताजें प्रेत हें कुत्र्यांना, कोल्ह्यांना आणि बिबट्याला आपण स्वहस्तें दिलेलें रोगाचें आमंत्रण होय. रानांतून रोग आला म्हणून आपण ओरडतों; रानांत तो कोणीं पाठविला, हेंहि विचारलें पाहिजे.

समारोप

आमच्या म्हशीस व बैलास औषध दिलें. दोन्ही आज आहेत. कुत्रा वांचला नाहीं. गांवांत एकंदर तपासणी झाली तेव्हां आणखी कांहीं दुभत्या म्हशींत जंतु निघाले व त्यांचाहि उपचार झाला. गतवर्षीं भादवा व आश्विन हे दोन्ही महिने बिनतापाचे गेले.

राहिला तो अर्ज. सह्या झालेला कागद फाडणें हें आमच्या संवयीच्या विरुद्ध होतें, तरी तो आम्हीं पारावर सर्वांसमक्ष वाचून फाडला. दोन माणसें रागावलीं. एकानें तर आम्ही रोह्यांचे वकील झालों असें म्हटलें. त्यावर आम्हीं दोन निराळे अर्ज लिहिले. पहिल्यांत पिकाच्या नासाडीची रीतसर तक्रार केली, पंचनामे जोडले आणि नुकसानभरपाई मागितली. कारण ती तक्रार खरी आहे व तिच्यासाठीं भांडणें हा आपला हक्क आहे. दुसऱ्यांत गांवच्या सर्व गुरांच्या रक्ततपासणीची मागणी केली. खऱ्या तक्रारीस खोटें कारण जोडलें म्हणजे खरी तक्रारहि बुडते, हें आम्हीं कचेरींत अनेकदां पाहिलें होतें. तें स्वतःच्या अर्जाच्या बाबतींत उमजण्यास मात्र एक बैल द्यावा लागला.

दुसऱ्या अर्जावर पहिल्या अर्जाइतक्या सह्या झाल्या नाहींत. ह्या वर्षीं त्या अधिक होतील, अशी आम्हांस आशा आहे. माशी येण्यापूर्वीं, ज्येष्ठांतच, आपल्या दावणीचें रक्त तपासून घ्यावें, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतों.